छाट

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर
मोठ्या छत्रीखाली बसतो मी.
मराठी टायपिंग, मिनिटाला चाळीस शब्द,
सर्टिफिकेट आहे तसं.
मशीन गेलं भंगारात, आता लॅपटॉप
आणि वीज शेजारच्या झेरॉक्सवाल्याची.

बालामणी येलदी, राहणार विडी घरकुल,
उजवा हात पदरात घेऊन आली.
अक्कलकोट रोडला रिक्षा कलंडली होती.
तेव्हापासून अंगठा तर्जनीपर्यंत पोचत नाही,
बाकी हात दिसायला हातासारखाच.
सिव्हिलला बुधवारी बोर्ड बसतं.
मूठ करा म्हणाले, सोडा म्हणाले,
पुढचा, म्हणाले.
कागदावर अडतीस टक्के.
पेन्शनला चाळीस लागतात.

दोन टक्के कुठं असतात हो हातात,
तिनं विचारलं,
नखात का?
मी म्हणालो, सांगा तुम्ही, मी टाइप करतो.

मग ती सांगत बसली, अर्जात न बसणारं.
पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं,
तंबाखू पसरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा.
सगळं अंगठ्याचं काम.
एकतीस वर्षं रोज हजार.
ब्रँचमध्ये चेकर असतो,
तो कट्टे चाळतो, वीस-तीस विड्या बाजूला टाकतो.
त्याला छाट म्हणतात.
का काढल्या, विचारायचं नाही.
काढलेल्या परतही मिळत नाहीत.
‘तसंच केलं की ओ माझं,’ ती म्हणाली.

मी छाट लिहिलं नाही.
वकीलसाहेबांनी सांगितलं तसं
‘मनमानी व कारणविरहित’ लिहिलं,
आणि लिहिताना कधी नाही ते लक्षात आलं:
माझा उजवा अंगठा दिवसभर
फक्त रिकामी जागा टाइप करतो,
दोन शब्दांमधली.

आता मुंबई नाही, कोल्हापूरला जातात कागद.
तारीख लागली तेव्हा ती विचारायला आली,
हात घेऊन जावं लागंल का?
साहेब म्हणाले, हाताची गरज नाही,
तिथं कागद बघतात.
ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा
तिच्या हाताची कुणाला गरज नव्हती
आणि त्यात तिचा दोष नव्हता.

आदेश आला मोबाइलवर, मे महिन्यात,
छत्रीच्या सावलीतही स्क्रीन दिसत नव्हता.
हे न्यायालय तज्ज्ञांच्या खुर्चीत बसणार नाही.
अडतीस बरोबर की चूक, हे ठरवणार नाही.
मात्र अडतीस कसे आले
याचं एकही वाक्य कागदावर आढळत नाही.
सबब निर्णय रद्द.
आठ आठवड्यांत नव्यानं तपासणी, कारणांसह.

इंग्रजीचं मी मराठी केलं,
मराठीचं तिनं तेलुगू केलं, फोनवर, सुनेसाठी.
पलीकडून एकच शब्द आला, मलाही कळला:
गेलिचामा?
जिंकलो का?

मला हो म्हणायचं होतं.
झेरॉक्सवाला म्हणालाच, पेढे आणा मावशी.
ती मात्र मोबाइलकडे बघत होती,
अक्षर येत नसताना, नेमकी जागा शोधल्यासारखी.
‘म्हणजे चेकरनं सांगायचं, का काढली.’
हो.
‘सांगून परत काढू शकतो?’
हो. काढू शकतो.
‘अडतीसच लिहील?’
लिहील कदाचित. पण खाली का ते लिहावं लागेल.

ती गप्प राहिली.
समोरून सात रस्त्याची रिक्षा गेली, ड्रायव्हरनं हाक मारली,
हिनं मान हलवली नाही.
मग म्हणाली, ते कारणाचं पान
तेवढं तीन वेळा काढा.
डाव्या हातानं बटवा सोडला,
दातानं नाडी ओढली,
सहा रुपये मोजून दिले.
मी घेत नव्हतो. घेतले.

बुधवारी खिडकी आठला उघडते.
ती सहाला जाणार आहे.